कवठवाडीची तीन नावं

अप्पा, रविवारी सकाळी मी तुमचा फोन मधेच ठेवला. तुम्ही "अन् तुम्हाला, शैलाबाई..." एवढंच म्हणाला होता आणि मी लाल बटण दाबलं. रागाच्या भरात दाबलं. मग कुकर लावला, केस धुतले, आणि मनात म्हटलं, बसू दे दोन दिवस फुगून, बुधवारी आपणच करू फोन. दुपारी तुमच्याच नंबरावरून फोन आला. मी उचलला आणि म्हणाले, "काय अप्पा, उतरला का राग?" पलीकडं मन्मथ होता. तुमचा मुलगा, मी तुमच्या जुन्या नोकरीतली तरी मला आत्या म्हणणारा, पन्नाशीला आलेला माणूस. म्हणाला, "आत्या, अप्पा गेले." मी विचारलं, "कुठं गेले?" खरंच विचारलं हो. मला वाटलं उदगीरला गेले असतील, कुणाच्या लग्नाला.

अजून मला ते नीट कळलेलं नाही. आज सातवा दिवस. जेवून बाजेवर बसलात, पेपर मागितलात, मन्मथची बायको पेपर घेऊन येईपर्यंत मान कलली होती. ती म्हणाली, "निजलेत असं वाटलं, म्हणून मी पेपर उशाशी ठेवला अन् परत गेले." रोज दोन मैल चालणारा, साखर नाही, बीपी नाही असा माणूस. वर मलाच सांगायचा, "जिना चढू नका, गुडघ्याचं बघा." मला तुमचा राग येतोय. असं कुणी जातं का?

नांदेडहून चाकूरला पोचायला संध्याकाळ झाली. तुमच्यात माणसाला बसवून नेतात हे मला ठाऊक होतं, पण बघितलं कधी नव्हतं. भिंतीला टेकवून खुर्चीत बसवलं होतं तुम्हाला, कपाळभर भस्म, तळहातावर इष्टलिंग, गळ्यात हार. आडवा माणूस गेलेला दिसतो. बसलेल्या माणसाला गेलेला कसं मानायचं? मी समोरच्या सतरंजीवर बसले आणि वाट बघत राहिले की आता हा माणूस डोळे उघडून म्हणेल, "हां, तर काय म्हणत होतो मी." शेजारच्या बायकांनी मला पाणी दिलं, मी घेतलं नाही. त्यांना वाटलं मी रडू दाबून बसलेय. मला रडूच येत नव्हतं.

सकाळी मातीला गावोगावची माणसं आली. तुम्ही आयुष्यभर गावंच तुडवली, येणारच ती. त्यांत एक बाई आली, साठीच्या पुढची, एक पाय न वाकणारा, तो बाजूनं ओढत. उंबऱ्याशी उभी राहून तिनं तुमच्याकडं बराच वेळ बघितलं. मग माझ्या शेजारी येऊन पाय लांब करून बसली. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "कुठून आलात?" "कवठवाडीहून," ती म्हणाली. अप्पा, मी पुन्हा तिच्या पायाकडं बघितलं. मी तिला ओळखलं. तिनं मला ओळखलं नाही, चाळीस वर्षांत मी पांढरी झाले, जाड झाले, आणि तिनं मला एकदाच तर बघितलं होतं. सुंदराबाई. तेव्हा नवी सून होती ती.

ती आपणहून बोलायला लागली. "लई चांगला माणूस, पर आमचा घात केला ह्यानं. हापशाच्या यादीतून आमची नावं ह्यानंच खोडली. आफिसातल्या बाईनं ठिवली व्हती, ह्योच साहेबाला भ्याला अन् मागारी घेतली. सोताच सांगितलं त्यानं, पारावर बसून. तवापासून मी त्याला दारात पाणी इचारलं न्हाई. पर मातीला तर यावं लागतंय की, माय."

तुम्ही समोर खुर्चीत बसलेले, भस्म लावलेले, आणि मी तिच्या शेजारी तोंड शिवल्यासारखी. ती नावं मी खोडली होती. लाल शाईनं, माझ्या हातानं, आणि खाली माझी सही होती. तुम्ही तर त्या दिवशी माझ्या टेबलाशी उभे राहून हात जोडले होते. आणि पारावर जाऊन सांगितलंत की तुम्हीच खोडली! मला कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढी हादरले नसते.

तुम्हाला उचललं, वाद्यं वाजली, भजन म्हणत माणसं निघाली. सुंदराबाईनं बेलाचं पान टाकलं. मीही टाकलं. तेव्हाही मी बोलले नाही.

ह्या सात दिवसांत मी सारखी ते दिवस आठवून बघतेय, कुठं काही खूण सोडली होती का तुम्ही. जिल्हा नवा होता. उस्मानाबादेतून लातूर वेगळं काढलं, पेढे वाटले, आणि आमच्या आरोग्य खात्याला भाड्याच्या तीन खोल्या दिल्या. जुन्या जिल्ह्यातून ट्रकभर कागद आले, निम्मे आमचे नव्हतेच. मी नांदेडची, नोकरीला नवी, माझं काम गावोगावचे नारूचे आकडे गोळा करून तक्ता करायचं. तुम्ही चाकूरकडचे आरोग्यसेवक, सायकलीवर पिशवी लावून आलात आणि खोलीभर पसरलेले गठ्ठे बघून म्हणालात, "नवा जिल्हा म्हंजे नवी सून हाय बाई. भांडी आलीत, झाकणं माहेरीच ऱ्हायली." मी हसले नाही. साहेब मला गंभीर मुलगी समजायचे आणि मला ते टिकवायचं होतं.

आजच्या पोरांना नारू सांगावा लागतो. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस पाय बुडवून घागर भरायचा, त्या पाण्यातून तो पोटात जायचा, वर्षभर काही कळायचं नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात पायातून पांढऱ्या सुतासारखा जंत बाहेर यायला लागायचा. काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. तुटला की पाय गेला. तो जळतो म्हणून रोगी पाय परत विहिरीत बुडवायचा आणि तिथंच सगळ्या गावाचा घात व्हायचा. औषध असं नव्हतंच. पाणी बदलणं हेच औषध.

आणि ते औषध बाहेरून यायचं. परदेशातल्या मदतीतून बोअर मारायची गाडी आली, हापसे आले, जीप आली, पाणी गाळायची पांढरी फडकी आली. पण पैसा नारूचा होता, पाण्याचा नव्हता. ज्या गावात नारूची नोंद, त्या गावाला हापसा आधी. नारू नाही आणि नुसती तहान आहे, तर ते गाव दुसऱ्या खात्याच्या टंचाईच्या यादीत, टँकर येईल तेव्हा येईल. त्यात दुष्काळ पडला. एका गावात हापसा बसला की शेजारच्या गावचा सरपंच तुम्हाला वाटेत अडवायचा. तुम्ही एकाची नक्कल करून दाखवायचात. "आमच्यात नारू न्हाई म्हणताव? असं कसं हो? दोन-चार तरी असत्याल की. बैजवार, नीट बघा, म्हातारीचा पाय बघा." आम्ही दोघं पोट धरून हसायचो. तेव्हा मी हसायला लागले होते. नारू असलेलं गाव मान वर करून सांगायचं, आमच्याकडं नारू आहे. असा रोग मी त्याआधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही.

मग कवठवाडीचा कागद आला. नारूचे रोगी तीन. त्यात सुंदराबाईचं नाव. अक्षर तुमचं, आणि तुमचं अक्षर एरवी पाटीवर काढल्यासारखं, ह्या कागदावर मात्र घाईत. मी आदल्या वर्षांचे तक्ते काढले. कवठवाडीत कधीच नारू नव्हता. तिथली विहीर पायऱ्यांची नाही, आड आहे, दोर टाकून पाणी शेंदतात. नारू येणार कुठून? साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, ती परदेशी मंडळी येणार आहेत बघायला. जिल्ह्यातली कुठलीही गावं निवडतील. एक खोटं सापडलं तर बोअरची गाडी दुसऱ्या जिल्ह्यात जाईल. तुम्ही स्वतः जाऊन बघून या."

मी जीपमधून कवठवाडीला गेले. तुम्ही बरोबर होता. आड मी वाकून बघितला, तळाशी ओलसर माती. तीन माणसं पारावर पाय पुढं करून बसवलेली, पायाला फडकी बांधलेली. एक म्हातारा, एक गुराखी, आणि सुंदराबाई. मी म्हटलं, सोडा. फडक्याखाली हळद लावलेली होती आणि हळदीखाली काही नव्हतं. जमलेल्या बायका फिसकन हसल्या. सुंदराबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि फडकं परत बांधायला लागली, जणू मी अजून बघितलंच नाही. ती मान खाली घालून बोलली, "आड आटलाय बाई. पल्याडच्या गावाला हापसा झाला, तिथल्या बाया आमाला भरू देत न्हाईत. म्हणत्यात, तुमच्यात नारू न्हाई, तुमचा ह्याच्यावर हक न्हाई."

मी तिथं काही बोलले नाही, एवढं खरं. "बघते" म्हणाले. म्हणून त्यांना वाटलं बाईनं यादीत नावं राहू दिली.

लातूरला आल्यावर तुम्ही टेबलाशी उभे राहिलात. "ऱ्हाऊ द्या, शैलाबाई. मी लिहिलंय ते खोटं हाय, कबूल. पर यंदाच खोटं हाय. ती लोकं आता पल्याडच्या पायऱ्यांच्या जुन्या बारवेत उतरून पाणी भरायलेत. तिथं नारू हाय. म्होरल्या वर्षी हे खरं व्हईल बघा."

मी म्हटलं, "मग पुढच्या वर्षी लिहा."

अप्पा, हे मी म्हटलं होतं. शब्दन् शब्द आठवतो.

मी म्हटलं, फडकी दिलीत ना, गाळून प्यायला सांगा. तुम्ही म्हणालात, "कोसभर चालून आलेलं माणूस विहिरीत उतरल्यावर फडकं हुडकत न्हाई बाई, ओंजळ करतंय." मी म्हटलं, पावसाआधी एकच बोअर उरलीय. ती कवठवाडीला दिली तर अहमदपूरकडच्या एका गावाला मिळणार नाही, तिथं माणसं खरोखर काड्या गुंडाळून पडलीत. तुम्ही हात जोडलेत. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा माणूस. मी लाल पेन उचललं.

ती बोअर अहमदपूरकडं गेली आणि तिथं पाणी लागलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, तुम्ही कितीही रागवा. ती माणसंही माणसंच होती. परदेशी मंडळी आली, त्यांनी तीन गावं बघितली, तक्ता बरोबर निघाला, साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. तुम्ही मागच्या रांगेत होता, टाळ्या वाजवल्यात.

आणि पुढच्या उन्हाळ्यात कवठवाडीचा कागद आला. अक्षर पाटीवर काढल्यासारखं. नावांची रांग पान उलटून मागं गेली होती आणि पहिलंच नाव सुंदराबाईचं. नारू गुडघ्यात. मी पान उलटून शेवटपर्यंत नावं मोजली. तुम्ही दारात उभे होता. मी वर बघितलं. मला वाटलं आता बोलाल. आता म्हणाल, बघा, लिहिलं पुढच्या वर्षी. तुम्ही म्हणालात, "चहा सांगू का?" आणि मी हो म्हटलं. झालं. त्या विषयावर आपण एवढंच बोललो, चाळीस वर्षांत.

त्या वेळी गाडी आठ दिवसांत कवठवाडीला गेली, हापसा बसला. सुंदराबाईचा नारू ओढताना तुटला, पाय सुजला, पिकला. तुम्ही महिनाभर रोज सायकलीवर जाऊन तिची मलमपट्टी केलीत हे मला माहीत होतं. गुडघा आखडला तो आखडलाच, हेही माहीत होतं. ती मलमपट्टी करून घ्यायची आणि तुम्हाला पाणी विचारायची नाही, हे मला माहीत नव्हतं. आपल्याकडं दुष्मन दारात आला तरी आधी पाणी विचारतात.

मग देशातूनच नारू गेला. आपण दोघांनी तो जाताना बघितला, ही केवढी गोष्ट आहे, अप्पा! शेवटी शेवटी रोगी दाखवा आणि बक्षीस घ्या अशी पाटी लावली तरी कुणी येईना. पण नारू गेला तसे त्याच्यासाठी येणारे पैसेही गेले. जीप अंगणात उभी राहून सडली. हापसा नादुरुस्त झाला तर तो कुणाचा हे ठरेना, कारण तो नारूचा हापसा आणि नारू तर राहिला नाही. तुम्हाला हिवतापाकडं टाकलं, मला क्षयरोगाकडं. तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं ते ह्या रविवारपर्यंत. तुमचं एकच पालुपद. "पैशाला रोग दिसतो, माणूस दिसत न्हाई. रोग व्हईस्तवर थांबायचं अन् मग पळायचं, ही कुठली रीत?" आणि माझं एकच. मोजल्याशिवाय वाटता येत नाही, ज्याचं दुखतं त्याला आधी. दर रविवारी. तुमच्या घरच्यांना वाटायचं आपण राजकारणावर बोलतो.

ह्या रविवारी मीच सुरुवात केली. पेपरात आलं होतं की बाहेरच्या कुठल्या मोठ्या देशानं रोगांसाठीची मदत एकाएकी आखडली, कुठं कुठं दवाखान्यांतल्या गोळ्या संपल्या, माणसं दारातून परत गेली. मी म्हटलं, "बघा अप्पा, हिशेब चोख नसला की असं होतं, देणारा हात काढून घेतो." तुम्ही म्हणालात, "हिशेब चोखच असंल की. गोळी संपली म्हणून रोग थांबतो का? पाच वर्सांनी दुप्पट व्हऊन यील, अन् मग तेच लोक म्हणत्याल, आता द्या, आता नोंद झाली." मला ते झोंबलं. का झोंबलं हे दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "तुम्हाला आकडा कधी कळलाच नाही." तुम्ही म्हणालात, "अन् तुम्हाला, शैलाबाई..."

आणि मी बटण दाबलं. काय म्हणणार होता? चाळीस वर्षं हुकमाचं पान तुमच्या हातात होतं. एकदा, फक्त एकदा म्हणायचं होतं, की तुमचं खोडणं मी माझ्या अंगावर घेतलंय. माझी बोलती कायमची बंद झाली असती. दर रविवारी हरायचात आणि पान खाली टाकायचा नाहीत. रविवारी टाकणार होता का? का नेहमीसारखं काहीतरी, "अन् तुम्हाला गुडघे कळत न्हाईत, जिना चढताव?" मला आता कधीच कळणार नाही, आणि हे मी स्वतःच्या अंगठ्यानं केलं.

का केलंत, हे मात्र मला कळतं. मी एकटी मुलगी, परगावची, त्या भागात मला पुन्हा पुन्हा जावं लागणार होतं. सुंदराबाईचा पाय पिकल्यावर गाव माझ्या नावानं पेटलं असतं. तुम्ही पारावर जाऊन बसलात आणि म्हणालात, बाईनं ठेवली होती, मी भ्यालो. तुम्ही भ्यालात! साहेबांच्या तोंडावर बोलणारा सगळ्या खात्यात एकच माणूस होता. मला हे उपकार नको होते, अप्पा. पण झालेत, आणि त्यांच्यावरच मी नोकरीभर त्या भागातल्या गावांतून ताठ मानेनं फिरले. पाय धरायला आता तुम्ही नाहीत. कुणाचे धरू?

काल मी कवठवाडीला गेले. मन्मथला सांगितलं नाही. अहमदपूरला बस बदलली, चाकूरहून टमटम केली. मनाशी ठरवलं होतं, सरळ बोलायचं, रडायचं नाही. सुंदराबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. मला बघून म्हणाली, "तुम्ही मातीला शेजारी बसल्या व्हत्या की." आत जाऊन तांब्या भरून आणला, माझ्यापुढं ठेवला. मी तांब्याला हात लावायच्या आधी सांगितलं. मी ती आफिसातली बाई. नावं मी खोडली. अप्पांनी नको म्हणून हात जोडले होते. तुम्हाला त्यांनी खोटं सांगितलं.

हातातली शेंग तिनं खाली ठेवली. मला वाटलं शिवी देईल. द्यावी असं वाटत होतं मला. ती पायाकडं बघत राहिली, त्या आखडलेल्या नाही, दुसऱ्या. मग म्हणाली, "औंदा चैतात आला व्हता. लई ऊन व्हतं. कवा मागितलं न्हाई त्यानं, पर त्या दिशी सोता म्हणला, सुंदरामाय, घोटभर पाणी दे गं. मी घागर घेऊन हितंच उभी. म्हणलं, हापसा हाय की तिकडं, अप्पा."

"मग?"

"हापसा कवाचा बंद हाय. त्याला ठावं व्हतं, मलाबी ठावं व्हतं. तरी गेला. दोनदा दांडा मारला, खडखड वाजला नुस्ता. मग टोपी घातली अन् गेला."

ती रडायला लागली. तोंडात पदर कोंबून, आवाज न करता. मी तिच्याजवळ सरकले, तिनं हात झटकला. म्हणाली, "हे मला आता कामून सांगितलं, बाई? तो हाय तवर सांगायचं की. आता मी कुणाला पाणी देऊ?"

मी म्हटलं, मलाही सोमवारीच कळलं. ते खरं होतं. पण मी तिच्याकडं खरं सांगून मोकळी व्हायला गेले होते, आणि मोकळी झालेही, आणि तिच्या गळ्यात नवं ओझं बांधून आले. तेव्हाही मी खऱ्यालाच धरून वागले होते ना, अप्पा? लाल पेन धरलं तेव्हा? तुम्ही खोटं बोललात दोनदा, आणि दोन्ही वेळा कुणाच्या तरी अंगावरचं ओझं स्वतःवर घेतलंत. हे मी तुम्हाला तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नसतं. रविवारी पुन्हा भांडलेच असते.

ऊन उतरायला लागलं तशी मी उठले. तिनं डोळे पुसले, माझ्या हाताला धरून खाली बसवलं आणि तांब्या पुढं सरकवला. "पाणी प्या. दारातलं माणूस तसं जाऊ ने." ती बघत होती, माझ्या तोंडाकडं, एकेका घोटाकडं. ते तुमचं पाणी होतं, अप्पा. मी ते सगळं प्याले, आणि तिनं आत जाऊन पुन्हा तांब्या भरून आणला.